आज पंखा मी फिरवला

प्रिय वच्छला,

‘प्रिय’ लिहिलं आणि हात थबकलाच. बावीस वर्षं संसार केला, पण हा शब्द तोंडातून कधी निघाला नाही. ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यावरच सगळं भागलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि विचारलं असतंस, काय हो, आता माझंबी पत्रक लिहून राह्यले का?

आज लिहायला बसलो त्याला कारण घडलंय. तू आश्विनात काविळीनं गेलीस, त्याला आता पाच महिने होत आले. लेक आली होती, ती पुन्हा सासरी गेली. मी रोज आपलं पंख्यांचं शेड उघडायचो, झाडायचो आणि कुलूप लावून ओट्यावर बसायचो. कुणी धान्य उफणायचा पंखा विचारायला आलं की सांगायचो, अजून तयार नाही. तयार होते गं, दोन उभेच होते! पण ते फिरवून दाखवायला तू नव्हतीस, आणि तुझ्याशिवाय आपल्याच्यानं पंखा विकला जाणार नाही असं मी मनाशी धरून बसलो होतो. कापसाच्या जिनिंगच्या मुकादमाचे निरोप येतच होते, की फिटरची जागा आहे, परत ये. उद्या जाऊन हो म्हणायचं, शेड बंद करायचं, असं कालपर्यंत ठरलं होतं.

आज सकाळी एक बाई पंखा बघायला आली. तिनं मला असा एक प्रश्न विचारला की तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सांगतोच. पण आधी थोडं मागचं बोलू दे. माझी बोलायची खोड तुला ठाऊक आहे, आणि आता मला मधेच थांबवायलाही कुणी नाही.

मी जिनिंगची नोकरी सोडून घरी आलो तो दिवस आठवतो तुला? दुष्काळ सरून दुसरं साल होतं. ज्वारी बरी पिकली होती, पण फाल्गुनात वाराच पडला. जिकडं बघावं तिकडं मळलेल्या राशी तशाच पडून, आणि माणसं घडवंचीपाशी बसून झाडाच्या पानांकडं बघतायत. पान हललं की एकानं घडवंचीवर चढायचं, दुसऱ्यानं पाटी वर द्यायची, आणि चार सुपं उफणून होतात न होतात तोच वारा पुन्हा गायब! माझ्या डोक्यानं घेतलं, की वाऱ्याची वाट कशाला बघायची? आपणच वारा करू. जुन्या सायकलीची साखळी, दोन दातेरी चाकं, लोखंडी चौकट आणि पत्र्याची चार पाती. मूठ फिरवली की पाती गरगर फिरतात, समोर धरलेल्या सुपातलं भूस उडून जातं आणि दाणे खाली पडतात. असे तीन पंखे मी करून ठेवले.

तू रागावली नाहीस. एवढंच विचारलंस, कुणी घेतले नाहीत तर? मी म्हणालो, मुकादम चैत्र संपेपर्यंत जागा राखून ठेवणार आहे. खळी आटोपायच्या आत एकही पंखा गेला नाही तर निमूट भोंग्यावर परत जाईन. तू मान हलवलीस. परत जावं लागलं असतं तर मी मनातून पार मोडलो असतो, हे माझ्याआधी तुला कळलं होतं. मला एवढी समजून घेणारी बाई, आणि मी तिला काय समजून घेतलं? ते पुढं येतंयच.

मी पत्रक छापून आणलं. पंख्याचे चौदा गुण! आज आठवलं तरी लाज वाटते. कुंभार पिंपळगावच्या बाजारात लिंबाखाली उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. वेळ वाचतो, माणूस वाचतो, वाऱ्याची मिनतवारी करायला नको. लोकांनी पत्रकं आनंदानं घेतली आणि त्यात भजी बांधून घेतली. वारा तर फुकट भेटतो भाऊ, असं एक जण म्हणाला आणि सगळा बाजार हसला. घरी येऊन मी त्या पत्रकात आणखी दोन गुण वाढवायला बसलो, तेव्हा तू भाकरी थापता थापता विचारलंस, हे वाचून कोणाची रास उफणली जाईल? मी भडकलो. तुला धंद्यातलं काय कळतंय, म्हणालो. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आता वाटतं, ते दोन दिवस कुणी परत देईल का?

मग किसनरावांचं खळं. बाजाराच्या गावाजवळच त्यांचं शेत, घरात म्हातारी आई, आणि मळून पडलेली मोठी रास. बाजारात हसणाऱ्यांत ते नव्हते. पंखा घेऊन ये, बघू, एवढंच म्हणाले होते. मी एकटाच पंखा बैलगाडीत घालून गेलो. पंखा उतरवायच्या आधीच माझं तोंड सुरू! मामा, ह्या राशीत चाळीस पोते बराबर निघतील, आन् सांजच्या आत मोकळे व्हाल. किसनरावांचा चेहराच उतरला. त्यांची आई राशीच्या आडवी येऊन उभी राहिली. माझा पंखा गाडीतून खाली उतरलाच नाही.

मला काही उमगेना. घरी येऊन तुला सांगितलं तर तू कपाळावर हात मारून घेतलास. अहो, माप पडायच्या आधी रास किती व्हईल ते तोंडातून काढत असतेत का? रास उघडी असली की खळ्यावर माणूस बोलतसुद्धा नाही, पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, एवढंही मला ठाऊक नव्हतं! कुठून असणार? तू केदारखेड्याची, लहानपणापासून लोकांच्या खळ्यावर मजुरी केलेली. मी परतुरात जिनिंगच्या भोंग्यावर वाढलेला. माझ्या बापानं धम्मदीक्षा घेतली त्याच साली बलुतं सोडलं. त्याआधी तो गावच्या खळ्यांच्या कडेला घोंगडी पसरून उभा राहायचा, आणि रास मोजून झाली की त्यात कुणीतरी सूपभर दाणे टाकायचं. मला मात्र त्यानं खळ्याच्या वाटेला कधी जाऊ दिलं नाही. बरोबरच केलं त्यानं. पण त्यामुळं मी माल विकायला निघालो तो अशा जागी, जिथली रीत मला माहीत नव्हती.

आठ दिवस गेले. वारा पडलेलाच, वर आभाळ यायला लागलं. राशी भिजतील या भीतीनं माणसं हवालदिल झाली होती. त्या सकाळी तू म्हणालीस, गाडी जुंपायला सांगा, मी येते. कुठं, विचारलं तर म्हणालीस, जिथून तुम्हाला हाकललं तिथंच. मला ते पटलं नव्हतं. दुसरं खळं बघू म्हणून मी अर्ध्या वाटेपर्यंत कुरकुरत होतो. तू एकच अट घातलीस, की तिथं मी तोंड उघडायचं नाही. आणि खळ्यापाशी गेल्यावर माझंच उपरणं माझ्या तोंडाला घट्ट बांधलंस! भूस नाकात जातं म्हणे. अगं, भूस उडायच्या आधीच बांधलंस की!

आपल्या दोघांच्या चपला तू गाडीत ठेवल्यास. राशीकडं गेलीसुद्धा नाहीस. खळ्याच्या कोपऱ्यात आधीच्या मळणीचं मातेरं लोटून ठेवलं होतं. माती, खडे, काड्या आणि त्यात अडकलेले थोडे दाणे. ते कुणी मोजत नाही आणि त्याला कुणाची नजरही लागत नाही. किसनरावांकडं बघून तू त्याच्याकडं बोट केलंस. ते हो म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत. मी पंखा उभा केला. तू मूठ धरलीस आणि मी सूप.

त्या मातेऱ्यातून ज्वारी वेगळी पडायला लागली तेव्हाचं सगळं मला आत्ताही दिसतंय. खडे जवळ पडले, दाणे जरा पुढं, आणि धूळ-काड्या पार लांब गेल्या. म्हातारी उठून आली. तिनं ओंजळभर दाणे उचलले आणि सवयीनं फुंकर घातली. उडायला काही राहिलंच नव्हतं. तिनं लेकाकडं बघितलं. किसनरावांनी गुपचूप राशीतली एक पाटी भरली आणि माझ्या हातात दिली.

मग दुपार कलेपर्यंत कुणी थांबलं नाही. झाडाचं पान हलत नव्हतं आणि इकडं भुसाचा ढीग वाढतच होता. किसनराव आणि त्यांचे दोन गडी पाट्या वाहत होते, मी सूप धरत होतो, आणि तू फिरवत होतीस. कुणी शब्द काढला नाही. माझ्या चौदा गुणांपैकी एकही कुणाच्या कानावर गेला नाही, आणि सगळ्यांना सगळे कळले!

मापं झाली. लाभ, दोन, तीन करत रास पोत्यांत गेली. मग किसनरावांनी सूपभर ज्वारी आणून तुझ्यापुढं धरली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. खळ्यावरून कुणाला रिकामं धाडायचं नाही, ही रीतच. पण माझ्या डोळ्यांपुढं बापाची घोंगडी आली. उपरणं सुटं असतं तरी मला त्या वेळी शब्द सुचला नसता. माझ्यासारख्या बोलघेवड्याला!

तू मूठ सोडलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि खळ्यावर आल्यापासून पहिल्यांदा बोललीस.

“मामा, दाणे नकोत. आम्ही मागाया न्हाई आलो. पंखा पटला आसंल तर पंखा घ्या. न्हाई पटला तर पाणी द्या, मंग जातो आम्ही.”

किसनराव सूप तसंच धरून उभे राहिले. पाणी म्हातारीनं आणलं. वरूनच ओतलं, आपण ओंजळीनं प्यालो. ते मी विसरलो नाही आणि तुझ्यापाशी लपवणारही नाही. पण पाणी देऊन झाल्यावर ती पंख्याजवळ गेली आणि तुझ्या घामानं ओली झालेली मूठ तिनं स्वतःच्या हातात धरली. एकदा फिरवली. पुन्हा फिरवली. मग लेकाला म्हणाली, हे इथंच ऱ्हाऊ दे. परत येताना गाडी रिकामी होती आणि मी भरून आलो होतो. परतूर दिसायला लागलं तरी तोंडावरचं उपरणं सोडायचं मला सुचलं नव्हतं, शेवटी तूच सोडलंस.

उरलेले दोन पंखे त्याच पंधरवड्यात गेले. पत्रकं तू चुलीला लावलीस. त्यानंतर चार हंगाम आपण खळ्याखळ्यानं फिरलो. तुझी पद्धतच ठरून गेली. चांगली रास मागायची नाही, घाणेरड्यात घाणेरडं मातेरं मागायचं. एकदा तर भर उफणणीत साखळीच निसटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पंख्यापुढं आडवा उभा राहून झाकायला लागलो. तू मला बाजूला केलंस आणि म्हणालीस, साखळी निघती हे बी बघू द्या त्यायला, बसती कशी ते बी बघू द्या. सगळ्यांसमोर खाली बसून ती बसवलीस. त्या माणसानं पंखा घेतला, आणि शिवाय आपल्या मेव्हण्याला धाडून दिलं. मी मात्र पंख्यावर पत्र्याची पट्टी ठोकली ती माझ्या एकट्याच्या नावाची. निवृत्ती फिटर, परतूर. तुझं नाव घालायचं सुचलंसुद्धा नाही मला. तुला वाईट वाटलं होतं का गं?

आता आजचं सांगतो. त्या बाईचं नाव गयाबाई. नवरा वारला, दोन एकर एकटी कसते. दोन सालांमागं शेजारच्या खळ्यावर तिनं तुला बघितलं होतं. आल्या आल्या विचारलं, बाई कुठं हायत? मी सांगितलं. मग मी काय केलं असेन? बोलायला लागलो! पहिला गुण, दुसरा गुण. जुनं पत्रक तोंडपाठ होतंच. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि एकेक पाऊल फाटकाकडं सरकत होती. तिसऱ्या गुणाला मी आपला आपणच थांबलो. पंखा अंगणात ओढला, शेजारून पाटीभर मातेरं मागून आणलं. मूठ धरायला वळतो तर ती गयाबाईनं आधीच धरलेली! मी सूप उचललं.

दहा-पंधरा सुपं झाली असतील. दाणे मोत्यासारखे पडत होते, माझ्या मनात तेवढ्यात हिशेबही सुरू झाला की आता हे जमणार. तेवढ्यात ती थांबली आणि उजवा खांदा चोळायला लागली.

“पंखा चांगला हाय भाऊ. पर मूठ लई वर हाय, बाईमाणसाच्या खांद्याला लागती. त्या बाईचा खांदा दुखत न्हवता का?”

हाच तो प्रश्न, वच्छला.

चारही हंगाम तू घरी आलीस की उजव्या खांद्याला हळद-तेल चोळायचीस. एकदा मी विचारलं होतं. घागरी उचलून दुखतो, म्हणालीस. आणि मी लगेच उद्या कोणत्या खळ्यावर जायचं ते सांगायला लागलो होतो. मूठ मी बसवली ती माझ्या उंचीला. फिरवली मात्र कधीच नाही! पाती कुठं घासतात का ते बघायला चार फेरे, तेवढंच. पुरी रास मी एकदाही फिरवली नाही, वच्छला. पंखा मी केला, पण पंखा म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं.

गावोगावच्या परक्या माणसांना तू न बोलता सगळं दाखवलंस. ते रोज माझ्यापुढंही चाललेलं होतं. सगळे दाण्यांकडं बघत होते आणि मीही दाण्यांकडंच बघत होतो. तू सांगितलं का नाहीस गं? की तू सांगत होतीस आणि मी बोलत होतो?

गयाबाईला मी म्हणालो, दोन दिवस द्या, मूठ खाली करून तुमच्या खळ्यावर आणतो. तिथं बघा, मगच घ्या. ती बरं म्हणून गेली. मग मी अंगणात वीतभर खोल खड्डा खणला. तू माझ्यापेक्षा वीतभरच बुटकी ना? त्यात उभा राहिलो, म्हणजे माझा खांदा तुझ्या खांद्याएवढा आला. मूठ धरली आणि फिरवायला लागलो. शेजारी विचारत होते, निवृत्तीभाऊ, सूप कोण धरणार, उफणता तरी काय? मी फिरवतच राहिलो. किसनरावांची रास संपायला लागली होती तेवढा वेळ फिरवायचं ठरवलं होतं. त्याच्या अर्ध्यातच हात सुटला. आत्ता दिवेलागणीला हे लिहितोय तर खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका आहे. रडलो का विचारशील तर हो, रडलो. पण पाच महिन्यांत आज पहिल्यांदाच असं वाटलं की तू अगदी जवळ उभी आहेस.

मुकादमाला शेजाऱ्याच्या हाती निरोप धाडला आहे, की मी येत नाही, दुसरा फिटर बघा. मूठ वीतभर खाली घ्यायची तर चौकटीला नवी भोकं पाडावी लागतील आणि साखळीला कड्या वाढवाव्या लागतील. हे सगळं एका दिवसाचं काम. एका दिवसाचं होतं गं ते, आणि मी ते चार हंगाम केलं नाही!

आता ऐक, शब्द देतो. गयाबाईच्या पंख्यापासून सुरुवात करून, तुझ्या हातानं दाखवून विकलेल्या एकूण एक पंख्याची मूठ मी त्या त्या गावी जाऊन खाली करून देईन. किसनरावांच्या म्हाताऱ्या आईलाही ती उंचच पडत असणार, तिनंही कधी सांगितलं नाही. नवा पंखा शेडबाहेर निघायच्या आधी मी अंगणातल्या खड्ड्यात उभा राहून त्यावर पुरी रास उफणीन. माझा खांदा दुखला तर तो पंखा विकायचा नाही. कुणी विचारलं की खड्डा कशाला ठेवलाय, तर मी सांगणार नाही. म्हणेन, उतरा आत आणि मूठ धरून बघा.

दुखऱ्या हातानं,
तुझा,
निवृत्ती